कागद पांढरा ठेवू नये

जांभ्याच्या सड्यावरचं, त्या उघड्या कातळमाळावरचं गवत पिवळं पडायला लागलं की आमच्या शाळेत स्पर्धांची परिपत्रकं येऊ लागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण माझ्या डोक्यात तो पक्का बसला आहे. गणपती गेलेले असतात, मुंबईकर परत गेलेले असतात आणि आठ-दहा दिवस गजबजलेल्या वाड्यांमध्ये एकदम सामसूम होते. भात पोसवलेलं असतं, त्याचा दुधट वास वर्गाच्या खिडकीतून आत येतो. अशाच एखाद्या दुपारी मोबाइल वाजतो आणि मुख्याध्यापकांचा निरोप दिसतो, 'चित्रकला व निबंध स्पर्धा, गट दुसरा, तातडीने कार्यवाही करावी.' यंदाही आला. मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि मोबाइल टेबलावर पालथा घातला.

खरं तर मी या दिवसांची वाट पाहणारी बाई. रत्नागिरीहून एसटीने सव्वा तास आत, एका ओढ्याकाठच्या हायस्कुलात मी चित्रकला शिकवते. आमच्याकडे चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा तास. वर्षातून एकदा, या स्पर्धांच्या दिवसांत, माझा तास माझ्याकडे राहतो. मुलं ब्रश धुवायला नळाकडे पळतात, व्हरांड्यात चित्रं वाळत घातलेली असतात, त्यांच्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकी जांभ्याचे चार खडे ठेवलेले असतात. मुख्याध्यापकसुद्धा त्यातून जपून, पाय उचलून चालतात.

चौदा-पंधरा वर्षांची मुलं स्पर्धेत नाव देताना भारी नाटकं करतात. "सगळी देतायत म्हणून देतो हां बाई, मला काय पडलेलं नाय." आणि मग आठवडाभर चिडून रबर झिजवतात. निकालाची वाट तर अशी बघतात की जणू बघतच नाहीत. स्टाफरूमच्या दारावरून उगाच दोनदा जातात. खडू मागायला येतात, खडू हातात असतो. मी दुसरा खडू देते. मीही त्या वयात ऑफिसच्या खिडकीशी चपलेचा पट्टा बांधत बसायचे.

माझी शाळा राजापूरला. आमच्या चित्रकलेच्या सरांचं एक आकाश होतं. खाली नारिंगी, वर जांभळं होत गेलेलं, डाव्या कोपऱ्यात तीन पक्षी. आमच्या शाळेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक चित्रावर तेच आकाश असे, कारण चित्र पाठवायच्या आदल्या दिवशी सर त्यावर 'हात मारत'. जत्रा असो, शेती असो, वृक्षारोपण असो, वर संध्याकाळ ठरलेली. आठवीत माझ्या 'बाजाराचा दिवस' या चित्राला दुसरं बक्षीस मिळालं. वडिलांनी ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलं. अजून आहे. येणारा-जाणारा बघतो आणि आधी आकाशाचंच कौतुक करतो. मी अजून "थँक यू" म्हणते.

सरांचा दुसरा वारसा म्हणजे एक वाक्य. कागद पांढरा ठेवू नये. परीक्षकाला पांढरा कागद दिसला की त्याला वाटतं, पोरगं दमलं. नोकरीला लागल्यापासून मी हे वाक्य दरवर्षी फळ्याच्या वरच्या कडेला लिहीत आले आहे. मुलं ते पाठच करतात. रंग संपला तर पाणी घालून पुरवतात, पण कोपरा सोडत नाहीत. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना मी चित्रकलेचं दुसरं काय दिलं ते मला सांगता येणार नाही, पण हे एवढं नक्की दिलं.

गेल्या वर्षी मयुरी नववीत होती. भिंतीकडेच्या तिसऱ्या बाकावर बसायची, बोलायची बेताचं. वर्गात विचारलं तर उत्तर यायचं, पण दुसऱ्या कोणीतरी आधी दिल्यावर. घरी आई आणि तिसरीतला भाऊ. वडील मुंबईला. आता आमच्याकडे वडील मुंबईला असणं ही सांगण्यासारखी गोष्टच नाही, निम्म्या वर्गाचे असतात. सांगण्यासारखी गोष्ट ही की ते दोन गणपतींना आले नव्हते. कोकणातला माणूस लग्नाला चुकेल, मयतालाही एखादे वेळी चुकेल, गणपतीला चुकत नाही. चुकला तर गाव आवाज खाली करून बोलायला लागतं. कोणी म्हणे कंपनी बंद पडली, तोंड दाखवायला लाजतो. कोणी म्हणे तिकडे दुसरं काही आहे. मयुरीची आई कोणाला काहीच म्हणत नव्हती. रविवारी त्यांचा फोन येतो, मुलांशी बोलतात, एवढंच मला माहीत होतं.

स्पर्धेचा विषय होता, 'आमच्या घरचा गणपती'. हा विषय दिला की मुलं हमखास मखर काढतात. झिरमिळ्या, विजेच्या माळा, उंदीर आणि मोदकांचा डोंगर. मयुरीने गणपती एका कडेला काढला होता आणि उरलेल्या कागदावर आरतीला उभी माणसं. निळ्या भिंतीचं घर, वर टांगलेली काकड्यांची आणि नारळांची मंडपी, मृदुंग बडवणारा काका, ताम्हण घेतलेली आई, शेजारची दोन माणसं पाठमोरी. बायकांच्या टाचांच्या भेगासुद्धा तिने काढल्या होत्या. मी ते होत असताना बघत होते आणि मनातून हरखत होते. शुक्रवारी तिने गुंडाळी करून आणून दिली.

"बाई, झाला."

"सगळं?"

"होय. सगळा झाला."

चित्रं दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने मीच रत्नागिरीला नेणार होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली, मुलं गेली, स्टाफरूममध्ये मी एकटी. एकेक चित्र उलगडून मागे नावाची चिठ्ठी चिकटवत होते. मयुरीचं उलगडलं. आरतीच्या मधोमध एक माणूस पांढरा होता. डोक्यापासून पायापर्यंत कोरा. कडा नीट राखलेल्या, आत पेन्सिलीची रेघही नाही. तिच्या भावाने त्या पांढऱ्या माणसाचं पांढरं बोट मुठीत धरलं होतं.

आता लिहिताना ते काय होतं हे एखाद्या लहान मुलालाही कळेल. मला त्या दुपारी एवढंच कळलं की पोरीचं चित्र अपुरं राहिलंय. हिला वेळ पुरला नाही आणि सांगायला लाजली. तिच्या आईच्या फोनवर लावून बघितलं, संपर्क क्षेत्राबाहेर. त्यांची वाडी ओढ्यापलीकडे, चालत अर्धा तास. एसटीला पाऊण तास होता. मी रंगाच्या बाटल्या उघडल्या.

मी अगदी खुशीत होते, हे लपवत नाही. कितीतरी दिवसांनी एक माणूस मनासारखा जमत होता. त्याला चौकड्यांचा शर्ट दिला, दुसऱ्या हातात झांज दिली. बाप म्हटल्यावर मिशी हवी म्हणून मिशी दिली. भावाच्या मुठीतलं ते बोट रंगवायला शून्य नंबरचा ब्रश घेतला आणि श्वास रोखून रंगवलं. पंख्याखाली चित्र वाळवलं. मग प्रवेशिकेवरच्या छापील वाक्याखाली सही केली. सदर चित्र विद्यार्थ्याने स्वतः काढलेले आहे. अशा सह्या मी दरवर्षी करते. गाडी वेळेवर मिळाली.

त्या वर्षी निबंधाच्या गटात आमच्याकडून आफरीन होती. मयुरीच्या शेजारी बसणारी, तिच्या नेमकी उलट, दिवसभर बोलणारी. तिने गावातली एक संध्याकाळ लिहिली होती, आखाती देशातून सुट्टीवर आलेल्या मामाच्या बॅगेच्या वासापासून सुरुवात करून. दोघी मिळून निकालाची वाट बघायच्या. म्हणजे आफरीन बघायची आणि मयुरी तिच्याबरोबर उभी राहायची.

"बाई, खरं सांगा, ते निबंध वाचतात तरी का हो? का नुसतं अक्षर बघतात?"

"वाचतात."

"सगळे?"

"सगळे."

"मग झोप येत असेल त्यांना. माझा वरच असू दे म्हणजे झालं."

कापणी सुरू झाली. मुलं निम्मी गैरहजर राहू लागली, आली तर पेंढ्याचं कुसळ कॉलरीला लागलेलं, हात चिरलेले. अशा एका अर्ध्या रिकाम्या वर्गात मयुरी टेबलाजवळ आली आणि तिने आपणहून बोलायला सुरुवात केली. मला वाटतं, वर्षभरात पहिल्यांदाच.

"बाई, नंबर आला तर चित्र रत्नागिरीला लावतात ना?"

"लावतात. प्रदर्शन असतं."

"आणि मग परत देतात?"

"नंबर आलेली देतात. का गं?"

"पप्पांना सांगितलाय. तुमची जागा मोकळी ठेवलीय म्हटलं, तेवढीच राहिलीय. तर म्हणाले, नंबर आला तर बघायला येईन." ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "ते आले की त्यांना समोर बसवून रंगवणार मी. मला त्यांचा तोंड नीट आठवत नाय आता. फोनवर दिसतो तो वेगळाच वाटतो."

मी तिला काय म्हटलं? "छान," म्हटलं. ती जागेवर गेली आणि मी फळ्याकडे तोंड केलं. फळ्याच्या कडेला माझ्याच अक्षरात ते वाक्य लिहिलेलं होतं. मी ते पुसलंही नाही, कारण पुसलं असतं तर कोणीतरी का म्हणून विचारलं असतं.

त्या क्षणी सांगायला हवं होतं. रोज सकाळी एसटीत बसल्यावर ठरवायचे, आज सांगायचं. शाळेच्या पायऱ्या चढेपर्यंत कारणं तयार व्हायची. तिचं मन मोडेल. चित्र बाद होईल. सही माझी आहे, मुख्याध्यापक काय म्हणतील. यातलं शेवटचंच खरं होतं, बाकीची त्याच्या सोबतीला होती. भित्रेपणाला मी समजूतदारपणा म्हणत होते, आणि आपण किती समजूतदार आहोत याचं मला थोडं कौतुकही वाटत होतं.

मग मी एक वेगळीच वाट बघायला लागले. एवढ्या शाळा, एवढी चित्रं, कशाला आमचा नंबर येईल? नंबर आला नाही तर चित्र परत येणार नाही, कुठल्या तरी कपाटात कसर लागून संपेल आणि ती पांढरी जागा मयुरीच्या डोक्यात तशीच राहील. चित्रकलेच्या बाईने आपल्या सगळ्यात गुणी मुलीचं चित्र पडावं म्हणून देवाला हात जोडावेत, हे मी केलं आहे. जाता-येता देवळापाशी एसटी वळते, तिथे रोज करत होते.

दिवाळीची सुट्टी गेली. सकाळी गारवा पडायला लागला, मुलं स्वेटर घालून यायची आणि अकरा वाजता तो कमरेला बांधायची. खळ्यांवरची झोडणी संपली. कलमांना मोहोर आला, त्या वासाने डोकं जड व्हायचं. आफरीनने निकालाच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली होती. मयुरी विचारत नसे. ती फक्त मी आले की माझ्या चेहऱ्याकडे बघे आणि मग दप्तर उघडे.

निकाल पौषात आला. आफरीनला काही नव्हतं, उत्तेजनार्थसुद्धा नाही. ती एक दिवस रडली आणि दुसऱ्या दिवशी "त्यांना झोपच लागली बाई," म्हणून मोकळी झाली. मयुरीचा जिल्ह्यात पहिला नंबर होता. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी जाहीर केलं, टाळ्या पडल्या. मयुरी कधी नव्हे ती तोंड भरून हसली. वरचा एक दात पुढे आहे तिचा, म्हणून ती हसताना ओठ मिटायची. त्या दिवशी विसरली. मी पण टाळ्या वाजवल्या.

समारंभ रत्नागिरीत, एका मोठ्या शाळेच्या सभागृहात. मयुरीची आई आली नव्हती, ती घरी वडे-कोंबडी करायला थांबली होती. मी मयुरीला घेऊन गेले. एसटीत दीड वेळा तोंड उघडलं मी, आणि खिडकीची काच वर-खाली केली. सभागृहाच्या फाटकाशी एक माणूस उभा होता. बारीक, डोक्यावर केस विरळ, मिशी नाही. इस्त्रीचा शर्ट घातलेला, बाहीवर जुनी घडी दिसत होती. मयुरी धावली नाही. चालतच गेली आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायचा विसरले.

"केवढी झालीस गो," ते म्हणाले. "चल, खंय हाय तुझा चित्र?"

प्रदर्शन व्हरांड्यात होतं. पहिलं बक्षीस मधोमध, झेंडूची माळ घातलेलं. मी मागे राहिले. मयुरी त्यांचं बोट धरून ओढत होती, पंधरा वर्षांची मुलगी, आणि चित्रापाशी पोचताच तिचा हात सुटला. ती नुसती बघत राहिली. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला बरं झालं असतं. ती मला विचारत होती, आता काय करू?

तेवढ्यात परीक्षकांपैकी एक गृहस्थ आले, भले माणूस, त्यांनी तिची पाठ थोपटली. "कोण, तूच का? या वयात माणूस असा उभा करणं सोपं नाही बरं. हे तुझे वडील ना, मधले?" आजूबाजूला पालक, शिक्षक, मोबाइल उगारलेली मुलं. तिने 'ह्यो मी नाय काढला' एवढं म्हणायचा अवकाश होता. बक्षीस गेलं असतं, आणि मी गेले असते. मी पर्सची चेन उघडली आणि लावली. मयुरीने खाली बघून मान हलवली. होय, म्हणाली.

तिचे वडील चित्राच्या जवळ गेले. चौकड्यांचा शर्ट, मिशी, झांज, सगळं त्यांनी सावकाश बघितलं. मुलाच्या मुठीतलं बोट बघितलं. आपल्या ओठावरून एकदा हात फिरवला.

"भरलीस होय जागा," ते म्हणाले. "बरा केलंस."

समारंभ संपेपर्यंत ते थांबले, फोटोत उभे राहिले. नंतर म्हणाले, ड्युटी आहे, संध्याकाळची गाडी धरतो. "पप्पा, आईनं वडे केलेत," मयुरी म्हणाली. ते म्हणाले, "पुढच्या खेपेला." परतीच्या एसटीत तिने चित्राची फ्रेम मांडीवर उलटी धरली होती. मी तिला म्हटलं, "मयुरी, माझं चुकलं." ती म्हणाली, "असू दे बाई." एवढ्या लहान मुलीने इतक्या मोठ्या माणसासारखं बोलू नये.

यंदा ती दहावीत आहे. यंदाच्या गणपतीलाही तिचे वडील आले नाहीत. परिपत्रक आलं तसं मी वर्गात जाऊन नावं विचारली. आफरीनने हात वर केला आणि सगळ्यांना निबंधाचा विषय आपल्यालाच विचारून ठरवायला हवा होता असं सांगितलं. मयुरी वहीत काहीतरी लिहीत होती. मी जवळ जाऊन विचारलं, तर उठून उभी राहिली. "नको बाई. अभ्यास हाय यंदा." वहीच्या मागच्या पानावर पूर्वी तिची चित्रं असायची. मी बघितलं, तिथे बीजगणित होतं.

काल रविवार होता. मी शाळेच्या रजिस्टरातून मयुरीच्या वडिलांचा नंबर उतरवून आणला होता. आमच्या घराजवळच्या सड्यावर रेंज चांगली मिळते म्हणून तिथवर चालत गेले. गवत गुडघ्याएवढं, वाळून करकरणारं, कापायला अजून कोणी आलं नव्हतं. बोलायचं सगळं पाठ केलं होतं. पलीकडे फोन उचलला गेला तेव्हा मागे कसलं तरी यंत्र धडधडत होतं.

मी कोण ते सांगितलं. त्यांनी घाईने विचारलं, "मयुरी बरी हाय ना?"

"बरी आहे. तिच्याबद्दल नाही. त्या चित्राबद्दल." पाठ केलेलं सगळं विसरले. "तो मधला माणूस तिनं काढला नव्हता. मी काढला, तिला न विचारता. तिनं ती जागा कोरीच ठेवून माझ्याकडे दिली होती. तुमच्यासाठी."

यंत्राचा आवाज हळूहळू लांब गेला. ते चालत बाहेर आले असावेत.

"मग तवाच बोलली का नाय ती?"

"बोलली असती तर बक्षीस गेलं असतं. आणि माझी अब्रू गेली असती."

"आणि मागनं? फोनवर?"

"तुम्ही विचारलं नसेल."

"नाय," ते म्हणाले. "नाय विचारला."

मी माफी मागितली. ती मागताना किती फुसकी वाटते हे मला ऐकू येत होतं.

"बाई, मी त्या दिवशी मुंबईची खोली सोडून आलेलो," ते म्हणाले. "सामान स्टँडवर एका टपरीवाल्याकडे ठेवलेला. घरीच जायचा होता. ता चित्र बघितला आणि मला वाटला, पोरीनं माझ्याबिगर भागवून घेतलान."